इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांची सोयरीक जमवू शकतो का?

घनमूळ

मंडळी, एक आकडा बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

ड्यूटेरियमच्या (म्हणजे जड हायड्रोजनच्या) साध्या रेणूत दोन केंद्रकं एकमेकांपासून ०.०७४ नॅनोमीटरवर असतात. ती आपसूक एकजीव होण्याचा, म्हणजे संमीलनाचा वेग किती, हे कूनिन आणि नाउएनबर्ग यांनी १९८९ साली गणिताने काढलं. उत्तर आलं सेकंदाला साधारण तीन भागिले एकावर ६४ शून्यं. हा आकडा पचवायला मी एक हिशोब केला. सूर्याच्या वजनाइतकं ड्यूटेरियम घेऊन ते थंडगार ठेवलं, तर चारेक महिन्यांत एखादं संमीलन होईल. एखादं!

खरी गंमत पुढे आहे. त्याच गणितात ते म्हणतात की इलेक्ट्रॉन आहे त्यापेक्षा पाच ते दहा पट जड असता, तर त्या वर्षी ज्या वेगांचे दावे होत होते ते निघाले असते. (२३ मार्च १९८९ला यूटा विद्यापीठातल्या पत्रकार परिषदेत फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी पॅलेडियम आणि जड पाणी (ड्यूटेरियमचं पाणी) वापरून थंडपणी संमीलन झाल्याचा दावा केला, ते प्रकरण बहुतेकांना माहीत असेलच.) हजार पट नाही, लाख पट नाही, पाच ते दहा! रेणू किती घट्ट बसतो हे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतं आणि टनेलिंगचा (कणांनी ऊर्जेच्या भिंतीतून आरपार निसटण्याचा) वेग अंतराला इतका हळवा असतो की अंतर जरा कमी झालं तरी शून्यांच्या रांगाच्या रांगा गळून पडतात.

आणि जड इलेक्ट्रॉन निसर्गात आहेच. त्याला म्युऑन म्हणतात, २०७ पट जड. फ्रँक यांनी १९४७मध्ये आणि साखारोव्ह यांनी त्यानंतर वर्षभरात ही कल्पना मांडली, आणि १९५६मध्ये अल्वारेझ यांच्या गटाला बर्कलीच्या बबल चेंबरमध्ये असं संमीलन प्रत्यक्ष दिसलं. थंड हायड्रोजनमध्ये, कुठलाही प्लाझ्मा नसताना. म्हणजे 'थंडपणी संमीलन होऊच शकत नाही' हे वाक्य चूक आहे. म्युऑनची अडचण वेगळी आहे. तो २.२ मायक्रोसेकंदांत मरतो. त्याआधी ड्यूटेरियम आणि ट्रिटियम (त्याहून जड हायड्रोजन) यांच्या मिश्रणात शे-दीडशे संमीलनं उरकतो, कधी कधी तयार झालेल्या हेलियमलाच चिकटून बसतो, आणि तो जन्माला घालायला साधारण ५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) लागतात. दीडशे संमीलनांतून परत मिळतात सुमारे २.६ अब्ज. धंदा तोट्यात.

तर प्रश्न असा: धातूच्या आत, पृष्ठभागावर किंवा इतर कुठल्या परिस्थितीत साधा इलेक्ट्रॉन म्युऑनसारखा वागू शकतो का? विडम-लार्सन, खोल कक्षा, वलयाकार इलेक्ट्रॉन असं बरंच वाचलंय. कुठलं तगतं आणि कुठलं नाही, हे जाणकारांनी इस्कटून सांगावं.

मी_नुसती_वाचते

खूण साठवली. सूर्याएवढं ड्यूटेरियम आणि चार महिन्यांत एक, हे वाचून हसू आलं. सूर्य मग चालतो कसा, हा प्रश्न विचारणार होते, पण तो तापलेला असतो हे आठवलं.

आडमुठा

विषय चांगला, पण सुरुवातीलाच एक खुंटी ठोकून ठेवतो. पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम 'दाबून भरलं' जातं म्हणून केंद्रकं जवळ येतात, असा एक सर्रास समज आहे. उलट आहे! पॅलेडियमच्या अणूंच्या जाळीत ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमची केंद्रकं) ज्या खोबणींत बसतात त्या एकमेकींपासून सुमारे ०.२८ नॅनोमीटरवर असतात. रेणूत हेच अंतर ०.०७४. धातूत शिरल्यावर दोघं जवळजवळ चौपट लांब जातात. जाळी त्यांना एकत्र आणत नाही, स्वतंत्र खोल्या देते.

आता विडम-लार्सन. २००६मध्ये प्रसिद्ध झालेला हा सिद्धांत मुळात संमीलनाचा नाहीच, आणि ही त्याची चतुराई मला आवडते. ते म्हणतात, कुलोंबच्या भिंतीला (केंद्रकांच्या धन भारांमधल्या प्रतिकर्षणाला) हातच लावू नका. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून न्यूट्रॉन करा. न्यूट्रॉनला विद्युतभारच नाही, तो कुठल्याही केंद्रकात सहज शिरेल. फक्त त्यासाठी ०.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमी पडतात, कारण न्यूट्रॉन हा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या बेरजेपेक्षा तेवढा जड आहे. म्हणून पृष्ठभागावरच्या प्रचंड विद्युतक्षेत्रांमुळे इलेक्ट्रॉन अडीच पटींहून जड होतो असं त्यांनी मांडलं.

घोळ 'जड' या शब्दात आहे. घनपदार्थात इलेक्ट्रॉन जड होतो म्हणजे काय? सेरियम आणि युरेनियमची काही संयुगं आहेत, त्यांत इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान शेकडो पट मोजलं गेलंय. म्युऑनलाही मागे टाकेल इतकं. मग त्या संयुगांत हायड्रोजन घातला की संमीलन का होत नाही? कारण ते वस्तुमान त्या कणाचं नाही, गर्दीचं आहे. जत्रेत माणूस हळू चालतो म्हणून त्याचं वजन वाढलेलं नसतं. जाळीच्या लांबीवर इलेक्ट्रॉन ढिम्म वाटतो, पण केंद्रकाजवळ, जिथे खरं काम आहे, तिथे तो तोच जुना ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हलका इलेक्ट्रॉन असतो.

घनमूळ

जत्रेची उपमा चोरतोय.

पण विडम-लार्सन परिणामी वस्तुमानाबद्दल बोलत नाहीत ना? ते म्हणतात क्षेत्राच्या थरथरीमुळे वस्तुमान वाढतं. तीव्र लेझरमध्ये इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वाढल्यासारखं होतं, ते तर मान्य भौतिकशास्त्र आहे.

आडमुठा

बरोबर पकडलंत, मी दोन गोष्टी एकत्र केल्या. लेझरमधली वाढ खरी आहे. पण तिथे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ थरथरत असतो आणि ती ऊर्जा लेझर पुरवतो. पाण्यात बुडवलेल्या, काही व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रोडवर एकेका इलेक्ट्रॉनला पाऊण दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट कोण देणार? त्यांचं उत्तर: सगळे मिळून देतात, सामूहिक दोलनं. वर्गणी काढून एकाला हत्ती घेऊन द्यायचा, असा प्रकार. अशक्य म्हणणार नाही, पण त्या वर्गणीच्या वाटेत ऊर्जा उष्णता म्हणून गळण्याचे हजार मार्ग आहेत. २०१२मध्ये एका इटालियन गटाने (भौतिकशास्त्रज्ञ मायानी त्यात होते) हाच हिशोब पुन्हा केला आणि न्यूट्रॉन तयार होण्याचा वेग मूळ दाव्यापेक्षा खूपच खाली आला.

भोवरा

तुम्ही सगळे इलेक्ट्रॉनला एक टिंब धरून चाललाय. मूळ भानगड तिथेच आहे.

डिरॅकचं इलेक्ट्रॉनचं समीकरण १९२८चं. दोन वर्षांनी श्रोडिंजर यांनी त्यातून दाखवलं की मोकळा इलेक्ट्रॉनही प्रकाशाच्या वेगाने आतल्या आत थरथरतो. त्यालाच झिटरबेवेगुंग म्हणतात. थरथरीचा आवाका सुमारे १९३ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग). आता हा आकडा कुठे बसतो पाहा. अणूचा आकार ५३,००० फेम्टोमीटर, केंद्रक दोन-चार फेम्टोमीटर, आणि इलेक्ट्रॉनची ही लांबी बरोबर मधल्या ओसाड पट्ट्यात. म्युऑनच्या रेणूत दोन केंद्रकं जेवढ्या अंतरावर असतात, म्हणजे सुमारे ५०० फेम्टोमीटर, तेही याच पट्ट्यात! इलेक्ट्रॉन म्हणजे प्रकाशवेगाने फिरणारं विद्युतभाराचं वलय असेल, तर त्याचं चुंबकीय क्षेत्र जवळून अफाट असणार. दोन ड्यूटेरॉनांच्या मध्ये अशी वलयं एका लयीत आली, तर कुलोंबच्या भिंतीचं गणितच बदलतं. वलयाची कल्पना नवीनही नाही, पार्सन यांनी १९१५मध्येच मांडली होती.

आणि खोल कक्षा. डिरॅकच्या समीकरणाची जी दुसरी उत्तरं आपण 'अभौतिक' म्हणून फेकून देतो, त्यांत हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून काही फेम्टोमीटरवर येतो, बंधनऊर्जा सुमारे ५०७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मॅली आणि वाव्रा यांनी नव्वदच्या दशकात हे लिहिलंय. असा आखूड हायड्रोजन बाहेरून जवळजवळ न्यूट्रॉनसारखाच दिसेल.

आडमुठा

'न्यूट्रॉनसारखा दिसणारा आखूड हायड्रोजन' हे वाक्य वाचलं आणि थेट १९२०मध्ये गेलो. रदरफर्ड यांनी त्या वर्षीच्या व्याख्यानात नेमकं हेच मांडलं होतं: प्रोटॉनला घट्ट बिलगलेला इलेक्ट्रॉन, एक उदासीन जोडी. बारा वर्षांनी चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच जणांना वाटलं, हीच ती जोडी. पण ती नव्हती. का नव्हती, ते भोवरा यांच्या खोल कक्षांनाही लागू पडतं म्हणून सांगतो.

इलेक्ट्रॉनला ४ फेम्टोमीटरच्या जागेत कोंडायचं तर अनिश्चिततेचं तत्त्व त्याच्याकडून सुमारे ५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची गतिज ऊर्जा वसूल करतं. त्या अंतरावर प्रोटॉनचं आकर्षण किती? ०.३६ दशलक्ष. पन्नासाच्या उड्या मारणाऱ्याला पाव-अर्ध्याच्या दोरीने बांधायचं.

दुसरा पुरावा नायट्रोजनचा. केंद्रकात इलेक्ट्रॉन असते, तर नायट्रोजन-१४मध्ये १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, एकूण २१ कण. विषम संख्या, म्हणजे स्पिन (कणाचा अंगभूत, फिरकीसारखा गुणधर्म) अर्ध्यात यायला हवा. येतो पूर्ण १. १९२०च्या दशकाच्या शेवटी रेणूंच्या वर्णपटांतून हे उघड झालं आणि केंद्रकातल्या इलेक्ट्रॉनची वाट लागली.

आणि ती 'दुसरी उत्तरं' आवडली नाहीत म्हणून फेकलेली नाहीत. ती केंद्रबिंदूपाशी अनंताकडे धावतात. केंद्रक बिंदू नाही, त्याला आकार आहे, असं धरलं की आतलं उत्तर आणि बाहेरचं उत्तर जोडताना ती जुळतच नाहीत. शिवाय साधा प्रश्न: ५०७ हजारांनी खालची पातळी रिकामी असेल, तर विश्वातला हायड्रोजन १३.८ अब्ज वर्षं वर काय करत बसलाय? कधीच घसरून तेवढ्या ऊर्जेचे फोटॉन फेकायला हवे होते.

भोवरा

घसरत नाही, कारण फोटॉनला कोनीय संवेग लागतो आणि त्या दोन पातळ्यांमध्ये तो मिळत नाही. म्हणूनच जाळीची गरज लागते, असं त्या बाजूचे लोक म्हणतात. केंद्रकाच्या आकाराचा मुद्दा मात्र मला पूर्ण खोडता येत नाही, हे कबूल.

आडमुठा

एक फोटॉन नाही तर दोन फोटॉन. हायड्रोजनची दुसऱ्या कक्षेतली एक पातळी अशीच अडकलेली असते, ती दोन फोटॉन टाकून साधारण सेकंदाच्या आठव्या हिश्शात खाली येते. निसर्ग अशा बंद दारांना मागची दारं ठेवतो.

वलयाबद्दल थोडक्यात: इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व २०२३मध्ये दशांशानंतर बाराव्या-तेराव्या स्थानापर्यंत मोजलं गेलं आणि टिंब धरून केलेल्या गणिताशी ते जवळजवळ शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं. टक्करींच्या प्रयोगांत त्याला दहाचा उणे अठरावा घात मीटरपर्यंत कुठलाही आकार दिसलेला नाही. वलय धरून हा आकडा आधी काढून दाखवा, मग पॅलेडियमकडे वळू.

अर्धायुष्य

भांडण रंगतंय, पण एक बाजू कुणीच बोलत नाही. इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या कारभारात खरोखर ढवळाढवळ करतो. सगळ्यांना मान्य असलेली उदाहरणं आहेत आणि माझ्या मते ती वलयांपेक्षा जास्त अद्भुत आहेत.

रेनियम-१८७ घ्या. अर्धायुष्य सुमारे ४२ अब्ज वर्षं, विश्वाच्या वयाच्या तिप्पट. त्याचे पंचाहत्तरच्या पंचाहत्तर इलेक्ट्रॉन काढून टाका. अर्धायुष्य येतं साधारण ३३ वर्षांवर! जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या साठवण-वलयात (आयन फिरते ठेवणाऱ्या यंत्रात) नव्वदच्या दशकात हे मोजलं. डिस्प्रोशियम-१६३ तर याहून भारी. नेहमीच्या अणूत ते पूर्ण स्थिर आहे. सगळे इलेक्ट्रॉन काढले की किरणोत्सारी होतं आणि ४७ दिवसांत अर्धं संपतं. ज्या गोष्टीला आपण केंद्रकाचा अढळ गुणधर्म म्हणतो, ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी ठरवलेली निघाली.

कारण सोपं आहे. बीटा-क्षयात बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन मोकळा सुटण्याऐवजी आतल्या रिकाम्या कक्षेत बसू शकतो आणि तेवढी बंधनऊर्जा वाचते. रेनियमच्या क्षयात जेमतेम अडीच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच सुटतात, म्हणून ही बचत सगळा खेळ उलटवते.

उलट टोक बेरिलियम-७. ते स्वतःच्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळून लिथियम होतं, ५३ दिवसांच्या अर्धायुष्याने. इलेक्ट्रॉनची केंद्रकाशी असलेली जवळीक रासायनिक बंधाने थोडी बदलते, म्हणून वेगळ्या संयुगात वेगळं अर्धायुष्य मिळतं. पण फरक एखाद्या टक्क्याच्या आसपासचा.

मला यातून एक फूटपट्टी मिळाली. इलेक्ट्रॉन केंद्रकाचं नशीब तिथेच बदलतो जिथे केंद्रकाचा स्वतःचा ऊर्जेचा फरक इलेक्ट्रॉनच्या खिशाला परवडेल इतका लहान असतो. थोरियम-२२९ची उत्तेजित पातळी फक्त ८.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, म्हणून २०२४मध्ये ती चक्क लेझरने गाठता आली. ड्यूटेरियम-ड्यूटेरियममध्ये मात्र प्रश्न दशलक्षांचा आहे.

मी_नुसती_वाचते

रेनियमचं ठाऊकच नव्हतं. थांबून दोनदा वाचलं.

एक बाळबोध शंका. समजा कुठल्याही जादूने दोन केंद्रकं एक झाली. मग पुढची ऊर्जा जाते कुठे? या प्रयोगांत म्हणे किरण दिसतच नाहीत.

आडमुठा

बाळबोध नाही, हीच खरी मेख आहे. जवळ आणण्याचा प्रश्न सुटला असं धरलं तरी ही उरतेच.

दोन ड्यूटेरॉन एक झाले की जवळपास निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन, निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन निघतात. हेलियम-४ आणि गॅमा किरण ही तिसरी वाट कोटीतून एखाद्या वेळी. म्हणजे एक वॅट उष्णता या मार्गाने आली, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतात. प्रयोग करणारा जिवंत राहिला आणि त्याने शोधनिबंध लिहिला, हाच नेहमीचं संमीलन झालं नसल्याचा पुरावा, असा जुना क्रूर विनोद आहे.

म्हणून हेलियम-४ होतं आणि सुटलेली सुमारे २४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट जाळी गुपचूप उष्णता म्हणून घेते, असं म्हणावं लागतं. दाखला म्योसबाउअर परिणामाचा देतात. पण तिथे जाळी फक्त धक्का पोटात घालते, गॅमाची ऊर्जा गॅमाकडेच राहते. जाळीच्या एका फोनॉनची (कंपनाच्या सर्वांत लहान हिश्शाची) ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टचे काही शतांश. २४ दशलक्ष वाटायला पन्नास-साठ कोटी फोनॉन लागतील. आणि उत्तेजित केंद्रक दहाचा उणे एकविसावा घात सेकंदाच्या आसपास फुटतं. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ३०० फेम्टोमीटर जातो. शेजारचा अणू २,८०,००० फेम्टोमीटरवर! शेजाऱ्याला बातमी कळण्याआधीच घर पडलेलं असतं.

भोवरा

हॅगलस्टाइन यांनी अनेक दशकं याच वाटणीवर काम केलंय. त्यांचं म्हणणं साधारण असं की उत्तेजित केंद्रक तयार होऊन मग फुटतं हा क्रमच तिथे नसतो, सुरुवातीपासून सगळी व्यवस्था एकत्र गुंतलेली असते. पटो न पटो, प्रश्नाला टाळलेलं नाही.

पाऱ्याचा थेंब

विद्युतरसायनात हात काळे केलेला माणूस म्हणून दोन गोष्टी.

एक, स्क्रीनिंग. इथे तर्क नाही, मोजमाप आहे. ड्यूटेरॉनांचा झोत कमी ऊर्जेने धातूतल्या ड्यूटेरियमवर मारला की अपेक्षेपेक्षा जास्त संमीलन दिसतं. धातूतले इलेक्ट्रॉन केंद्रकांचा भार थोडा झाकतात, त्यामुळे जणू झोताला फुकटची ऊर्जा मिळते. वायूत ही मदत सुमारे २५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, काही धातूंत शेकड्यांत मोजली गेली. पॅलेडियम त्यात वरच्या रांगेत. एवढी का, याचं सर्वमान्य उत्तर नाही. घनमूळ, तुमच्या धाग्याचा सगळ्यात भक्कम दगड हाच. कारण ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टला टनेलिंगचा घटक एक भागिले एकावर २५ शून्यं, ८०० ला १५ शून्यं. पाचशे व्होल्टांच्या फरकाने दहा शून्यं गेली. फक्त झोताचे आकडे थेट स्वस्थ बसलेल्या ड्यूटेरॉनांना लावू नका. झोतातले टकरायला येतात, जाळीतले आपापल्या खोबणीत असतात.

२०२५मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने यातच नवा प्रयोग केला. पॅलेडियमच्या एका बाजूने झोत, दुसऱ्या बाजूने विद्युतरसायनाने ड्यूटेरियम भरणं. एका व्होल्टने जे भरलं जातं त्याला एरवी ८०० वातावरणांचा दाब लागला असता. संमीलन सरासरी १५ टक्क्यांनी वाढलं. मोजलं उष्णतेने नाही, न्यूट्रॉनांनी. निघालेली ऊर्जा नगण्य, ओतलेली कितीतरी जास्त. पण हा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा काढून बघता येईल अशा जातीचा आहे. २०१९मध्ये गूगलच्या पैशावर झालेल्या मोठ्या फेरतपासणीत जास्तीच्या उष्णतेचा पुरावा सापडला नव्हता, त्या कामातले काही लोक यातही आहेत.

दोन, उष्णता मोजणं. उघड्या सेलमध्ये (इलेक्ट्रोलिसिसच्या भांड्यात) जड पाणी फोडायला लागणारी ऊर्जा वायूंबरोबर बाहेर जाते असं धरून आपण विद्युतप्रवाह गुणिले १.५४ व्होल्ट एवढी वजावट करतो. आत कुठे तारेच्या टोकावर, झाकणाखाली ते वायू पुन्हा एक झाले, की तीच ऊर्जा परत मिळते आणि वहीत 'जास्तीची उष्णता' लिहिली जाते. मी स्वतः एकदा दोन दिवस हवेत तरंगलो होतो. मग वायू बाहेर जातात त्या नळीला मीटर लावला आणि जमिनीवर आलो. ट्रिटियमचंही तसंच. जड पाण्यात ते थोडं असतंच आणि इलेक्ट्रोलिसिसमध्ये हलका समस्थानिक आधी उडतो, मागे ट्रिटियम साचतं.

घनमूळ

१५ टक्क्यांचं वाचलं होतं, पण न्यूट्रॉनने मोजलं हा मुद्दा निसटला होता. पहिल्या पोस्टमध्ये मी वस्तुमानाच्या मागे लागलो. अर्धायुष्य आणि पाऱ्याचा थेंब यांचं वाचून वाटतंय की प्रश्न जड इलेक्ट्रॉनचा नसून दाट इलेक्ट्रॉनचा आहे, म्हणजे केंद्रकापाशी तो किती गर्दी करतो. भोवरा, वलयाचं गणित जमलं तर खरंच टाका, चेष्टा करत नाही.

एक राहिलं. उष्णतेबरोबर हेलियमही तेवढ्याच प्रमाणात सापडलं, असे काही दावे आहेत. उष्णतेचं मोजमाप फसवं असेल, तर निदान हेलियम तरी साक्ष देईल ना?

पाऱ्याचा थेंब

देईल, पण ती साक्ष उलटतपासणीत टिकवणं महाकठीण. हवेत दर दहा लाख भागांत पाचाहून थोडं जास्त हेलियम असतं आणि बरेच दावे त्याच्याही खाली असतात. थोडी हवा शिरली की संपलं. शिवाय हेलियम काचेतून झिरपतं. त्यात ड्यूटेरियमचा रेणू ४.०२८ आणि हेलियम ४.००३, वस्तुमानमापकावर दोघांची शिखरं शेजारी-शेजारी, आणि सेलमध्ये ड्यूटेरियमचा तर पूर आलेला. म्हणून सगळा धातूचा सेल, धातूचेच सांधे, आधी महिनाभर रिकामा चालवून हेलियम किती वाढतं ते पाहायचं. त्यानंतर तोच सेल साध्या पाण्यावर, आणि जड पाणी सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला, तर आदल्या प्रयोगाचं धातूत मुरलेलं ड्यूटेरियम साध्या पाण्याच्या चाचणीत बाहेर येत राहतं.

मी_नुसती_वाचते

काचेतून हेलियम झिरपतं? म्हणजे बंद बाटलीतूनही?

पाऱ्याचा थेंब

हो, आणि बाहेरचं आतही येतं. बोरोसिलिकेट काच असेल तर आणखी लवकर.